तुलनेची माती कुठल्या शिवारातली, साहेब?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव;
तसेच राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वतीनं आमच्या भागात मातीचे नमुने घ्यायला येणारे अधिकारी, अभियंते आणि प्रयोगशाळेतली मंडळी

महोदय,

पत्र मराठीत लिहितोय. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं मांडायला देशात किंवा राज्यात वापरली जाणारी कुठलीही भाषा चालते, आणि माझं गाऱ्हाणं मातीचं असल्यामुळे ते मला मराठीतच धड मांडता येतं. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला. तेवीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, नत्र-स्फुरद-पालाश काढून शेतकऱ्यांच्या हातात कार्डं दिली. आता निवृत्त होऊन रताळी लावतो. तेव्हा हे पत्र अर्धं शेतकऱ्याचं आणि अर्धं परीक्षानळी धुतलेल्या माणसाचं आहे.

गोष्ट चुलतभावाच्या शेताची. माळाच्या उतरणीला एक एकर दहा गुंठे, सगळी तांबडी जमीन. वरच्या अंगाला चिऱ्यांची जुनी खाण. चिरे संपले, खड्डा राहिला, आणि मग रात्रीच्या ट्रॉल्या येऊ लागल्या. ओतकामाच्या कारखान्यातली जळकी वाळू. पहिल्या वळवात तिचा वास सुटतो तो दवाखान्यातल्या फिनेलसारखा, पण करपट. दोन पावसाळ्यांत खड्डा भरला आणि वाळू बांधावरून शेतात उतरली. भावाच्या धाकट्या मुलीनं शाळेतलं लोहचुंबक बांधावरून फिरवलं, तर त्याला मोहरीएवढे गोल मणी चिकटले. चुंबकाला धरणारे कण आमच्या तांबड्या मातीतही असतात, पण ते खडबडीत, तपकिरी. असे गोल, चकचकीत मणी दगड झिजून तयार होत नाहीत. ते वितळलेल्या लोखंडाचे थेंब.

तक्रार केली. यथावकाश एका खासगी प्रयोगशाळेचा माणूस मोटारसायकलवरून आला. दुपारचे बारा वाजलेले. त्यानं शेतात तीन ठिकाणी खुरप्यानं माती उकरली, पिशव्यांत भरली, वर मार्करनं नंबर टाकले. मग म्हणाला, बॅकग्राउंडसाठी, म्हणजे घाण न पोचलेल्या मातीशी तुलना करायला, एक नमुना पाहिजे. मी म्हटलं, खाणीच्या पल्याड माळावर चला, तिथं वाळू पोचलेली नाही आणि माती मात्र हीच आहे. त्यानं चढाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. ‘जाताना घेतो,’ म्हणाला. मलाही बेळगावात काम होतं, म्हणून त्याच्याच गाडीवर मागं बसलो. त्यामुळे तो नमुना कुठला हे मला माहीत आहे, नाहीतर कधी कळलं नसतं. चार किलोमीटर खाली, नाल्याकाठच्या भातशेतीतला. रस्त्याला लागून. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.

अहवाल आला. शेतातलं क्रोमियम आणि व्हॅनेडियम बॅकग्राउंडच्या दुपटीहून जास्त, सबब जमीन प्रदूषित असल्याचा संशय. फिनॉल, म्हणजे त्या फिनेलसारख्या वासामागं ज्याचा संशय ते रसायन, तपासलेलंच नव्हतं. ज्या दोन धातूंबद्दल आधी दगडाला विचारायला हवं होतं, ते वाळूच्या खात्यावर मांडले. आणि वास घेऊनही कळेल अशा ज्या वस्तूचा वाळूवर दाट संशय, तिचा रकानाच नाही. गावात बातमी फिरली. रताळ्याच्या व्यापाऱ्यानं पोत्यामागं भाव पाडला. आणि वाळू टाकणाऱ्याचा माणूस येऊन काय म्हणाला ऐका: ‘क्रोमियम तर तुमच्या सगळ्या माळावर आहे, आमच्या वाळूचा काय संबंध?’ राग यावा असं बोलणं, पण क्रोमियमपुरतं त्याचं खरं होतं. तुलनेचा एक नमुना चुकीच्या जागेवरून उचलला, तेवढ्यानं भावाची जमीन बदनाम झाली आणि वाळूवाला सुटला. दोन्ही एकाच कागदानं.

साहेब, आमच्या भागात सीमा म्हटलं की एकच सीमा आठवते, आणि तिचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण जिल्ह्यातून आणखी एक सीमा जाते, तिच्यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. ती लाव्हाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला दख्खनचा काळा पाषाण कोल्हापूरकडून खाली येतो आणि आपल्याच जिल्ह्यात संपतो. निपाणी, चिकोडी, अथणी त्याच्या अंगाखांद्यावर. गोकाकला घटप्रभा जिथून उडी घेते तो कडा मात्र वालुकाश्माचा, लाव्हापेक्षा कितीतरी जुना. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगरही त्याच कुळातला. खानापूरच्या दक्षिणेला, लोंढ्याकडे धारवाडचे त्याहून प्राचीन खडक वर येतात. आणि आम्ही पश्चिम भागातले लोक बसलोय जांभ्यावर, लाव्हाच्याच डोक्यावर लाखो वर्षांच्या पावसानं तयार केलेल्या टोपीवर. एका जिल्ह्यात इतके खडक, आणि कागदावर ‘नैसर्गिक पातळी’ म्हणून एकच आकडा. कुठला खडक, ते लिहायला जागाही नाही.

आकड्यांत सांगतो. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या थरात तांब्याचं सरासरी प्रमाण किलोला तीसेक मिलिग्राम धरतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात ते सहज शंभर ते दोनशे असतं. कॅनडानं शेतजमिनीतल्या तांब्यासाठी जो मार्गदर्शक आकडा ठरवलाय तो ६३, क्रोमियमसाठी ६४. आपल्याकडच्या अहवालांत परदेशी तक्ते शेजारी ठेवून लाल खूण करण्याची पद्धत आहे. त्या मापानं निपाणीजवळ कुणाचंही पाऊल न पडलेल्या टेकडीवरचा मुरूम तपासला तरी तो नापास होईल. उलट गोकाकच्या वालुकाश्मावरच्या रेताड मातीत धातू मुळातच कमी. तिथं कारखान्यानं तांब्याचं प्रमाण दुप्पट केलं तरी आकडा ६३ च्या आत बसेल आणि साहेब शिक्का मारतील: ठीक आहे. परक्या मापानं काळ्या मातीवर अन्याय होतो तसाच रेताड मातीवरही होतो, फक्त दुसऱ्याची बोंब ऐकू येत नाही.

जांभ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. पावसानं त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि लोह, अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम मागे राहिले. उगीच नाही आमच्या माथ्यांवर बॉक्साईट सापडत. क्रोमियम आणि व्हॅनेडियम लोहाच्या पदराला धरून राहतात, त्यामुळे जांभ्यात त्यांचं प्रमाण मूळ पाषाणापेक्षाही वाढतं. ज्यानं ही माती कधी हातात घेतली नाही त्याला तो आकडा विषाचा वाटणार. म्हणून क्रोमियमचा एकूण आकडा पुरत नाही, त्याचं रूप पाहावं लागतं. दगडातलं क्रोमियम बहुतांशी त्रिसंयुजी, खनिजात घट्ट अडकलेलं. मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातलं षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळतं, विहिरीत उतरतं आणि कर्करोगाला कारण होतं. अहवालात दोघांचं नाव ‘एकूण क्रोमियम’. आमच्या भागातलं गावठी उदाहरण द्यायचं तर कुलूपबंद कपाटातली रोकड आणि खिशातली नोट एकाच बेरजेत धरल्यासारखं.

आता तुमच्या बाजूनं. तुम्ही म्हणाल, प्रत्येक कारखानदार हेच सांगत येईल, ‘हे सगळं दगडातलं आहे.’ येईलच. तो तुलनेची माती स्वतःच्या कुंपणाच्या आतून उचलेल, किंवा वाऱ्याच्या खालच्या अंगाला जिथं त्याचीच धूळ वीस वर्षं बसली आहे तिथून. मग त्याची घाण त्याच्याच घाणीशी तुलना होऊन स्वच्छ ठरेल. नैसर्गिक पातळी हा शब्द चुकीच्या हातात गेला तर पळवाट आहे, हे मला मान्य आहे. पण त्यावर उपाय आहेत, आणि ते फार महागही नाहीत.

लोहाशी तुलना करा, हा पहिला. जांभ्यात लोह वाढेल तसं क्रोमियम आणि व्हॅनेडियम वाढतं. पंचवीस-तीस नमुने आलेखावर मांडले तर ठिपके एका पट्ट्यात बसतात. एखादा ठिपका पट्टा सोडून उडाला, लोह तेवढंच आणि क्रोमियम अचानक वर, तर तिथं बाहेरून काहीतरी आलंय. खोलीही पाहा. वरून आलेली वस्तू साधारण वरच्या वीतभर मातीत साचते, दगडातली खालपर्यंत असते. यात फसगत आहे: नांगरानं वरची माती मिसळलेली असते, रताळ्याचे वरंबे दरवर्षी उलथे होतात, आणि षट्संयुजी क्रोमियम झिरपून खाली जातं. जांभ्यात तर थर बदलला की रसायनही बदलतं. म्हणून एका खड्ड्यावरून निकाल लावू नका, शेतातला खड्डा आणि माळावरचा खड्डा थराला थर लावून पाहा.

प्रयोगशाळेतल्या मंडळींना एक घरचं बोलणं. जांभ्याच्या मातीत हरभऱ्याएवढे लालसर खडे असतात. दोन मिलिमीटरच्या चाळणीनं ते बाजूला काढायचे की खलबत्त्यात कुटून मातीतच घ्यायचे, यावर आकडा किती बदलतो हे मी स्वतः पाहिलंय. एकानं चाळून, दुसऱ्यानं कुटून केलेल्या नमुन्यांची तुलना म्हणजे एकानं पायलीनं मोजायचं आणि दुसऱ्यानं शेरानं. विरघळवण्याचंही तसंच. आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, क्रोमियमच्या खनिजाचे काही दाणे न विरघळता तसेच राहतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल घातलं की त्यातले आणखी काही विरघळतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण शेताचा नमुना एकीनं आणि तुलनेचा दुसरीनं केला तर अहवाल चुलीत घालावा. कुठली पद्धत वापरली ती एक ओळ आम्हाला मिळालेल्या कागदावर नव्हती.

आणि एक नमुना म्हणजे नैसर्गिक पातळी नव्हे हो. निसर्ग एका आकड्यात राहत नाही, पट्ट्यात राहतो. सरासरीही कामाची नाही. आमच्या भावकीत एकाची जमीन रिंगरोडला लागून आहे. त्याला धरून सरासरी काढली की आम्ही सगळेच श्रीमंत. मधला आकडा काढा, आणि शंभरातले पंच्याण्णव नमुने ज्याच्या खाली बसतात ती वरची हद्द काढा, प्रत्येक खडकाची वेगळी. इंग्लंडनं हेच केलं. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१२ मध्ये मातीतल्या आर्सेनिकची नेहमीची वरची पातळी पट्ट्यांप्रमाणे मांडली: बहुतेक देशासाठी किलोला ३२ मिलिग्राम, लोहखनिजाच्या पट्ट्यात २२०, धातूंच्या शिरा असलेल्या पट्ट्यात २९०. लोहखनिजाच्या पट्ट्यात घरं आहेत, परसबागा आहेत. तिथलं आर्सेनिक लोहानं घट्ट धरून ठेवलेलं असतं, पोटात गेलं तरी अंगात फार थोडं उतरतं, हे त्यांनी वेगळं तपासलं. जमीन सरसकट प्रदूषित ठरवली नाही. आमचा जांभाही लोहाचाच घराणेदार आहे.

भातशेतीच्या त्या नमुन्याकडे परत येतो, कारण तो दोन कारणांनी चुकला होता. खडक वेगळा हे एक. पण नाल्याकाठची माती नैसर्गिक तरी म्हणायची का? बळ्ळारी नाल्याचं उदाहरण घ्या. शहराचं पाणी घेऊन तो शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बासमतीच्या शिवारातून जातो, आणि पावसाळ्यात भात बुडवतो हे काही मी सांगायला नको. असल्या गाळात गटार आलं, वाहनांची धूळ आली, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून ठिबकलेलं जस्त आलं. अथणीकडे द्राक्षबागांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारून मारून वरच्या मातीत मोरचुदाचं तांबं साचलेलं असणार. सुपर फॉस्फेटबरोबर थोडं कॅडमियम येतं. हे दगडातलंही नाही आणि कुठल्या एका कारखान्याचंही नाही. आयएसओ १९२५८ हे आंतरराष्ट्रीय मानक मातीची पार्श्वभूमी ठरवताना हा फरक करतं: निसर्गाचं वेगळं, सर्वदूर पसरलेलं माणसाचं वेगळं. अहवालात दोन्हींसाठी दोन रकाने हवेत. फिनॉलसारख्या वस्तूचं तर सोपं आहे. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून अशा जातीची संयुगं मातीत थोडीफार येतात, पण करपट वास मारण्याइतकी नाहीत.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही मी म्हणत नाही. पलीकडे बागलकोट, विजयपूरकडच्या कूपनलिकांत फ्लोराईड दगडातूनच येतं आणि पोरांच्या दातांवर डाग पाडतं; पिण्याच्या पाण्यात त्याची शेवटची हद्द लिटरला १.५ मिलिग्राम, मग ते कुणी टाकलेलं असो वा नसो. दोन प्रश्न आहेत आणि ते दोन खात्यांचे आहेत. हे आलं कुठून, आणि यानं अपाय होतो का. पहिल्याचं उत्तर भरपाई कुणी द्यायची ते ठरवतं, दुसऱ्याचं उत्तर आरोग्य खात्याला लागतं. ‘नैसर्गिक आहे’ असं लिहून दोन्ही फायली एकदम बंद करू नका.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण जुलै २०२५ मधले केंद्राचे नियम. प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदाच स्वतंत्र नियम आले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं द्यायची, राज्य मंडळानं नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग गरज पडल्यास सविस्तर. घाण कुणी केली ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. चांगले नियम आहेत. पण नव्वद दिवसांची घाई म्हणजे पुन्हा मोटारसायकल, पुन्हा दुपारचे बारा, पुन्हा रस्त्याकडेची माती, ही मला भीती आहे. एकदा यादीत नाव चढलं की त्या शिवारातली रताळी बाजारात कोण विचारणार? आणि ज्याची जमीन खरंच नासली त्याचं नाव परक्या तक्त्यामुळे सुटलं तर त्यानं कुठं जायचं?

म्हणून माझं मागणं असं. तक्रारी यायच्या आधी, निवांतपणे, जिल्ह्याचा स्वतःचा तक्ता करून घ्या. काळा पाषाण, जांभा, वालुकाश्म, धारवाडचे खडक आणि नदीकाठचा गाळ, प्रत्येकाचे वस्ती, रस्ता आणि कारखाना यांपासून लांबचे निदान तीस नमुने; वरचे आणि खालचे; एकाच चाळणीचे, एकाच पद्धतीचे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभर ओढ्यांतल्या गाळाचं रासायनिक मापन दोन-दोन किलोमीटरच्या चौकटींनी चालवलंय, तो पाया घ्या. गाळ म्हणजे शेत नव्हे, पण कुठं खोदायचं ते त्यावरून कळेल. चंदगडच्या बाजूची माहिती महाराष्ट्राकडून मागवायला लाजू नका. जांभा तोच आहे. तक्ता तयार झाला की ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, कन्नडबरोबर मराठीतही. आणि शेतात कुणी नमुना घ्यायला आलं तर तुलनेचा नमुना कुठला, त्याचे अक्षांश-रेखांश, फोटो, त्या वेळची पंचनाम्याची प्रत तिथल्या तिथं शेतकऱ्याच्या हातात द्या, त्याला वाचता येईल अशा लिपीत. भावानं त्या दिवशी ज्या कागदावर सही केली तो कन्नड आणि इंग्रजीत होता. सही मात्र त्यानं मराठीत केली, आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

भावाच्या शेताची तपासणी पुन्हा करा, ही या पत्रातली शेवटची गोष्ट. आताची रताळी निघाली की शेत मोकळं असतं; पाडव्यानंतर मृगाच्या आत कधीही या, माती कोरडी असते. या वेळी फिनॉलचा रकाना घेऊन या. माळावर भावाची जुनी विहीर आहे, खाणीपासून वरच्या अंगाला, अर्धवट खणून सोडलेली. पाणी लागलं नाही म्हणून बांधून काढली नाही, त्यामुळे कडा अजून उघड्या आहेत: वर हातभर तांबडी, मग खडेमिश्रित लाल, मग जांभा, त्याखाली पांढरट-पिवळी मऊ माती, आणि तळाला काळा पाषाण डोकावतो. तुम्हाला हवी ती सगळी तुलना त्या एका भिंतीवर वरून खाली लिहिलेली आहे. शिडी आणि दोर आमच्याकडे आहे. चढ आहे खरा, पण सकाळी आठला निघालं तर ऊन लागत नाही.

आपला,
पश्चिम भागातला एक रताळी उत्पादक शेतकरी
तालुका बेळगाव